व्यसनमुक्तीचे ऑनलाइन कार्यक्रम आणि त्यांची भाषा : धर्माबाद सीमाभागाच्या अनुषंगाने काही विचार

१. विषयाची मांडणी

दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला दूरध्वनी, मोबाईलवरील संदेश, संकेतस्थळे आणि पडद्यावर भरणाऱ्या सभा ह्यांच्या द्वारा साहाय्य करणारे कार्यक्रम गेल्या पंचवीस वर्षांत जगात अनेक ठिकाणी सुरू झाले. वैद्यक, मानसशास्त्र आणि समाजकार्य ह्या शास्त्रांनी त्यांची बरीच चिकित्सा केली आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाभ्यासकाला ह्या विषयात बोलण्याचा अधिकार काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या माणसावर अनेक गोष्टी परिणाम करीत असतात : औषधे, ठरलेली दिनचर्या, परिचारिकेची नजर, शेजारच्या खाटेवरील समदुःखी माणूस, आणि दारूच्या दुकानापासूनचे अंतर. ऑनलाइन कार्यक्रमापाशी ह्यांपैकी काहीच नसते. त्याच्यापाशी असतात ते केवळ शब्द : विचारलेला प्रश्न, दिलेले उत्तर, पाठविलेला निरोप आणि ऐकलेला अनुभव. भाषा हेच जेथे उपचाराचे एकमेव साधन आहे, तेथे भाषा चुकली तर उपचारच चुकतो. हा सिद्धान्त मान्य केला, म्हणजे मराठी माणसासाठी असा कार्यक्रम रचणे हे निव्वळ भाषांतराचे काम नव्हे, हे ओघानेच मान्य करावे लागते.

प्रश्नाचा आवाका ध्यानात यावा म्हणून एकच आकडा देतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यसेवन करतात. ज्यांचे शरीर व मन दारूवर अवलंबून झाले आहे, त्यांचे प्रमाण २.७ टक्के आहे. अशा अवलंबितांपैकी कोणताही उपचार मिळालेला माणूस ३८ जणांमागे अवघा एक, आणि रुग्णालयात राहून उपचार मिळालेला १८० जणांमागे एक, असे ह्याच अहवालात म्हटले आहे. उरलेल्या सदतीस जणांपर्यंत पोहोचण्यास केंद्रे व तज्ज्ञ पुरेसे नाहीत. दूरस्थ कार्यक्रमांकडे आशेने पाहिले जाते ते यामुळेच.

ह्या विवेचनासाठी धर्माबाद तालुक्याचे उदाहरण घेण्यास कारण आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस तेलंगणाच्या सीमेला भिडलेला हा तालुका लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरील ह्या गावापासून बासर हे सरस्वतीचे क्षेत्र अगदी जवळ. जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय मात्र सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू ह्या तिन्ही भाषा एकाच व्यवहारात ऐकू येतात. तालुक्यातील बाळापूरच्या शिवारात मद्यार्कनिर्मितीचा कारखाना उभा राहिला आहे, आणि शिंदीची परंपरा तर निजामी अमदानीपासूनची. आबकारी हे त्या राज्याच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. ज्यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठास दिले आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह झाला, त्यामागे हेच कारण होते. दारू, अंतर आणि बहुभाषिकत्व ह्या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आल्या आहेत, तेथे ऑनलाइन कार्यक्रमाची खरी परीक्षा होते.

२. कार्यक्रमांचे स्वरूप आणि त्यांचे फलित

व्यसनमुक्तीच्या कार्यात संभाषणाला मध्यवर्ती स्थान देणारी मोठी चळवळ म्हणजे १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकत्र बसावे, आपले पूर्ण नाव न सांगता आपला अनुभव सांगावा आणि इतरांचा ऐकावा, एवढीच तिची रीत. तिच्या फलश्रुतीविषयी दीर्घकाळ मतभेद होते. परंतु २०२० साली केली, हम्फ्रीज आणि फेरी ह्यांनी २७ अभ्यासांचा जो साक्षेपी आढावा घेतला, त्यात दारूपासून सातत्याने दूर राहण्याच्या बाबतीत ह्या मार्गाने नेणारे पद्धतशीर उपचार इतर मान्य उपचारांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून सरस ठरले. महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण मित्र ह्या संस्थेने १९८६ पासून, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट ह्यांच्या प्रयत्नांतून, ह्या विचाराला मराठी घरगुती वळण दिले. तेथे उपचारासाठी आलेल्या व्यक्तीस ‘रुग्णमित्र’ म्हणतात, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ऑनलाइन कार्यक्रमांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतील. पहिला वर्ग मदतवाहिन्यांचा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही निराळी वाहिनी आहे. दुसरा वर्ग स्वयंसाहाय्याच्या संकेतस्थळांचा. ह्यांत माणूस प्रश्नावली भरतो, आपल्या पिण्याची रोज नोंद ठेवतो आणि क्रमाने दिलेले पाठ पुरे करतो. तिसरा वर्ग केंद्रातून घरी परतलेल्यांना मोबाईलद्वारा दिल्या जाणाऱ्या आधाराचा. चौथा वर्ग पडद्यावरील सभांचा. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष सभा बंद पडल्या, तेव्हा हा वर्ग एकाएकी वाढला.

ह्या कार्यक्रमांचा उपयोग होतो काय? नेदरलँड्समध्ये रिपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २६१ जणांवर केलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, संकेतस्थळावरील पाठ घेणाऱ्यांपैकी १७.२ टक्के लोक सहा महिन्यांनी सुरक्षित मर्यादेत आले. ज्यांना केवळ माहितीपत्रक दिले त्यांच्यात हे प्रमाण ५.४ टक्के होते. २०१७ साली कॉक्रेन संस्थेने ५७ अभ्यासांचा व सुमारे ३४ हजार लोकांचा आढावा घेतला. त्यात अशा साधनांमुळे मद्यार्काचे सेवन आठवड्याला सरासरी २३ ग्रॅमने घटते, असे आढळले. ही घट लहान आहे. परंतु अल्प खर्चात फार मोठ्या समूहाला ती मिळत असल्याने नगण्य मानता येत नाही.

व्यसनातून सावरण्याच्या दृष्टीने अधिक बोलका प्रयोग अमेरिकेतील गुस्ताफसन ह्यांचा आहे. निवासी उपचार पुरे करून घरी निघालेल्या ३४९ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या पाठपुराव्याबरोबर एक मोबाईल देण्यात आला. त्यात समदुःखितांशी बोलण्याची सोय होती, मोह अनावर झाल्यास दाबावयाची कळ होती, आणि पूर्वी ज्या ठिकाणी पिणे होत असे त्याच्या जवळ जाताच सावध करण्याचीही व्यवस्था होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मागील तीस दिवसांत धोकादायक प्रमाणात पिण्याचे दिवस मोबाईल मिळालेल्यांत सरासरी १.३९, तर इतरांत २.७५ होते. म्हणजेच हे साधन केंद्राची जागा घेत नाही. केंद्र आणि घर ह्यांमधील घसरणीच्या वाटेवर ते कठड्याचे काम करते.

आपल्याकडील दाखला गोव्याचा आहे. तेथील ‘संगत’ संस्थेच्या संशोधकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर केलेला प्रयोग २०१७ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य, स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी ज्यांचे पिणे अपायाच्या मर्यादेखाली आले, असे लोक समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के आणि दुसऱ्या गटात २६ टक्के आढळले. हा प्रयोग ऑनलाइन नव्हता, तरी आपल्या मुद्द्यास तो पोषक आहे. पदवी नसलेला, परंतु रुग्णाच्या बोलीत बोलणारा माणूस मोजता येईल इतका परिणाम घडवितो, हे त्यावरून सिद्ध होते.

३. प्रश्नावली आणि बोलीतील मापे

बहुतेक कार्यक्रमांचे प्रवेशद्वार म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली प्रसिद्ध केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची कसोटी. तिचे गुण ० ते ४० असतात. ८ किंवा अधिक गुण धोक्याचे समजतात, आणि २० च्या पुढे अवलंबित्वाची शंका घेऊन तज्ज्ञाकडे पाठविण्याचा प्रघात आहे. कसोटीतील दुसरा प्रश्न एका दिवसात किती ‘ड्रिंक’ घेता असा आहे, आणि तिसरा एका बैठकीत सहा किंवा अधिक किती वेळा घेता असा. येथे ‘ड्रिंक’ हे १० ग्रॅम मद्यार्काचे प्रमाणित माप अभिप्रेत आहे.

आता धर्माबादचा माणूस मोजतो कशाने? तो ‘नाइंटी’ने मोजतो, ‘क्वार्टर’ने मोजतो, बिअर असेल तर बाटलीने, आणि शिंदी असेल तर लोट्याने. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. ४२.८ टक्के तीव्रतेच्या मद्याच्या क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर, म्हणजे वजनाने जवळजवळ ६१ ग्रॅम मद्यार्क असतो. प्रमाणित मापाने ही सहा ‘ड्रिंक’ झाली. आठ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या बाटलीत अशी चार मापे भरतात.

ह्याचा परिणाम आकड्यांत पाहावा. रोज एक क्वार्टर पिणारा मजूर पडद्यावरील प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘एक’ असे उत्तर देतो. त्याला पहिल्या प्रश्नाचे चार गुण मिळतात, दुसऱ्याचा शून्य, आणि सहा-सहा कधीच घेत नसल्यामुळे तिसऱ्याचाही शून्य, एकूण चार. माप नीट समजावून विचारले असते, तर त्यास अनुक्रमे चार, दोन आणि चार, असे दहा गुण मिळाले असते. पहिल्या तीन प्रश्नांतच तो धोक्याची रेषा ओलांडून गेला असता. माणूस खोटे बोललेला नाही आणि यंत्रानेही बेरीज चुकविलेली नाही. एका शब्दाचा अर्थ दोघांनी निरनिराळा घेतला, एवढेच. परंतु त्या सहा गुणांच्या फरकाने ‘आपले पिणे मर्यादेत आहे’ असा निर्वाळा त्याच्या हाती पडू शकतो, आणि तो निर्वाळा घरी दाखविलाही जातो.

ह्याच्या उलट एक उदाहरण असे की, ज्यात बोली प्रश्नावलीच्या पुढे आहे. सहाव्या प्रश्नात आदल्या दिवशी फार प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सावरण्यासाठी पुन्हा घ्यावी लागते काय, असे लांबलचक वाक्य येते. मराठीत ह्या संपूर्ण कल्पनेला एकच शब्द आहे : ‘उतारा’. विषावरचा उतारा, दृष्ट काढून टाकावयाचा उतारा आणि सकाळचा उतारा ह्या तिन्हींत अंगावर चढलेली पीडा उतरविणे हा अर्थ समान आहे. ‘सकाळी उतारा लागतो का?’ हा चार शब्दांचा प्रश्न कोणासही कळेल. मात्र त्या शब्दात एक धोकाही दडला आहे. ‘उतारा’ म्हटले की सकाळची दारू हे औषधच ठरते. म्हणून हा शब्द प्रश्नात जरूर वापरावा. पुढील पाठात त्याचा भ्रम उलगडून दाखवावा.

क्रियापदांचेही असेच आहे. ‘तो पितो’ ह्या वाक्यात कर्म लोपलेले असूनही काय पितो हे मराठी श्रोत्यास सांगावे लागत नाही. ‘घेतो’ आणि ‘बसतो’ ही आणखी दोन आडपडद्याची क्रियापदे. ‘आपण मद्यपान करता काय?’ ह्या पाटीवरच्या भाषेला ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस ‘कधी मित्रांबरोबर बसता का?’ ह्या प्रश्नाला ‘आठवड्यातून दोनदा’ असे सांगून मोकळा होईल. तसेच ‘दारू’ ह्या शब्दाच्या व्याप्तीत बिअर आणि शिंदी येतात असे सर्वजण मानीत नाहीत. तेव्हा पेयांची नावे एकेक करून विचारणे अगत्याचे आहे.

४. नावे आणि त्यांचे ओझे

‘दारू’ हा शब्द फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ औषध असा आहे. ‘दवादारू’ ह्या जोडशब्दात तो अर्थ मराठीत आजही जिवंत आहे. ‘दारूगोळा’ ह्या शब्दात त्याचाच स्फोटक द्रव्य हा अर्थ येतो. सीमेपलीकडील तेलुगूत ‘मंदु’ ह्या शब्दाची कथा जवळजवळ हीच आहे. त्याचा मूळ अर्थ औषध, ‘मंदुगुंडु’ म्हणजे दारूगोळा, आणि बोलण्यात ‘मंदु’ म्हणजे दारू. अर्थविस्ताराचे हे साम्य अर्थविचाराच्या अभ्यासकास मनोरंजक वाटेल. परंतु कार्यक्रम रचणाऱ्यास ते सावध करणारे आहे. तेलुगूभाषक रुग्णास ‘मंदु रोज घेता काय?’ असे यंत्राने विचारले, तर विचारणाऱ्याचा रोख गोळ्यांवर की बाटलीवर, हे संदर्भावाचून कळणार नाही. पत्नीने फोनवर ‘मंदु बंद केले’ असे सांगितले, तर काय बंद केले ह्याची खात्री करून घेण्यावर कित्येकदा पुढचा सल्ला अवलंबून राहील.

‘व्यसन’ ह्या शब्दाचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे आणि तेथे राज्यावरील आपत्ती ह्या व्यापक अर्थाने तो शब्द येतो. जे माणसास त्याच्या हितापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याची व्युत्पत्ती तेथे सुचविली आहे. पुढे शब्दाचा अर्थ संकोच पावला आणि आपत्तीची जागा दुर्गुणाने घेतली. ‘व्यसनी’ ह्या विशेषणात आज सहानुभूती उरलेली नाही. ‘दारुडा’ आणि ‘बेवडा’ ह्यांत तर ती कधी नव्हतीच. अशा नावांचा परिणाम तज्ज्ञांवरसुद्धा होतो. केली आणि वेस्टरहॉफ ह्यांनी २०१० साली पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच माणसाचे वर्णन दोन रीतींनी वाचावयास दिले. एकात त्यास मादक द्रव्यांचा दुरुपयोग करणारा म्हटले होते, दुसऱ्यात त्या द्रव्यांच्या सेवनाचा विकार असलेला. पहिले वर्णन वाचणाऱ्यांनी तो माणूस स्वतःच दोषी व शिक्षेस पात्र आहे, असे मत अधिक प्रमाणात दिले. ह्या पार्श्वभूमीवर ‘रुग्णमित्र’ ह्या शब्दाचे मोल कळते. ऑनलाइन कार्यक्रमात तर चेहरा, स्वर आणि चहाचा कप ह्यांपैकी कशानेही कठोर शब्दाची धार बोथट करता येत नाही. तेथे शब्द जसा पडतो तसाच लागतो.

५. व्याकरणाने दिलेली अनुकूलता

आतापर्यंत अडचणींचा विचार झाला. मराठीच्या घडणीत ह्या कार्याला साह्यकारी असे काही विशेष आहेत, त्यांपैकी दोन येथे नोंदवितो.

पहिला विशेष कर्तृत्वाच्या पायऱ्यांचा. ‘त्याला दारू लागली’ ह्या वाक्यात माणूस चतुर्थीत आहे आणि व्याकरणदृष्ट्या कर्तेपण दारूकडे आहे. ‘माझी दारू सुटत नाही’ ह्यात अकर्मक क्रियापदामुळे माणूस बाजूला राहतो. ‘माझ्याच्याने दारू सुटत नाही’ ह्या रचनेत मात्र तो परत वाक्यात येतो, तो आपल्या असमर्थतेची कबुली देत. आणि ‘मी दारू सोडली’ ह्यात तो पूर्ण कर्ता होतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतील पहिली पायरी दारूपुढे आपले काही चालत नाही हे मान्य करण्याची आहे. इंग्रजीवरून शब्दशः केलेल्या मराठीत तेथे ‘शक्तिहीन’ असे विशेषण येते आणि ऐकणाऱ्याच्या पौरुषाला ते डिवचते. ‘आमच्याच्याने सुटत नव्हती’ असे म्हटले, तर तीच कबुली नित्याच्या व्याकरणातून, अपमान न होता, दिली जाते. समुपदेशकाने रुग्णाच्या वाक्यांतील ह्या पायऱ्यांकडे लक्ष ठेवावे. जो माणूस महिनाभर ‘सुटेल हळूहळू’ म्हणत होता, तो ‘आज नाही घेतली’ म्हणू लागला, तर त्या बदलाची दखल घेणे आवश्यक आहे.

दुसरा विशेष ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांतील भेद. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. इंग्रजीत हा भेद नाही. हिंदीतील ‘हम’ तो स्पष्ट करीत नाही. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा तो अगदी ठळक आहे, आणि मराठीतील हा विशेष द्राविडी भाषांच्या सान्निध्याचा परिणाम असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. अनुभव सांगणारा जेव्हा ‘आम्ही असे बुडालो’ म्हणतो, तेव्हा नवागतावर कोणतेही लेबल न लावता तो आपली कहाणी त्याच्यापुढे ठेवतो. सभेच्या अखेरीस ‘आपण आजचा दिवस प्यायची नाही’ असे म्हटले जाते, तेव्हा नवागत त्या संकल्पाच्या आत घेतला जातो. अनुभव ‘आम्ही’ने सांगावा आणि संकल्प ‘आपण’ने करावा, हे सूत्र प्रत्यक्ष सभेत सहज पाळले जाते. इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत उतरविलेल्या पाठांत ते हरवण्याचा संभव मोठा. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषीही असल्यामुळे ‘आपण प्यालात’ आणि ‘आपण प्यालो’ ह्यांतील क्रियापदाचा एक प्रत्यय चुकला, तरी आरोप आणि सहभाग ह्यांची अदलाबदल होते.

ह्यास जोडूनच लिंगभेदाचा उल्लेख केला पाहिजे. ‘मी रोज प्यायचो’ ह्या नमुनावाक्यात वापरणारा पुरुष गृहीत धरला जातो. प्रत्यक्षात अशा कार्यक्रमाकडे प्रथम वळणारी व्यक्ती पुष्कळदा रुग्णाची पत्नी, आई अथवा मुलगी असते. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ ही स्वतंत्र चळवळ १९५१ सालीच निर्माण झाली. ‘मी’ म्हणणारी व्यक्ती कोण, हे प्रथम विचारून पुढील वाक्ये रचणारा कार्यक्रमच मराठीत सुसंवाद साधू शकेल.

६. मर्यादा आणि धोके

येथवरच्या प्रतिपादनावरून शब्दांनी सर्व काही साधते, असा समज होऊ नये. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कंपयुक्त भ्रमाची अवस्था येऊ शकते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. तिला डॉक्टर, औषधे व देखरेख लागते. ऑनलाइन कार्यक्रमाने अशा माणसास ‘निश्चय करा’ असा संदेश पाठविणे घातक होय. त्याचे कर्तव्य एवढेच की, धोका ओळखावा आणि त्या माणसास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

परंतु धोका ओळखण्याची क्रिया पुन्हा भाषेवरच येऊन ठेपते. ‘अपस्माराचे झटके’ असे विचारले तर उत्तर मिळणार नाही. ‘फिट येते का, मिरगी येते का’ असे विचारावे लागेल. कंपयुक्त भ्रम घरच्यांच्या बोलण्यात ‘भलतंच बडबडतोय’, ‘नसलेलं दिसतंय’ असा येतो, आणि कधी ‘बाहेरचं लागलंय’ असाही. ह्या शेवटच्या वाक्याचा वैद्यकीय अर्थ जो कार्यक्रम ओळखणार नाही, त्याच्या हातून रुग्णाला देवऋषीकडे नेण्यात गेलेल्या दोन रात्री निसटतील.

सीमाभागात ह्यात शिंदीची भर पडते. तेलंगणात, विशेषतः निजामाबादच्या परिसरात, शिंदी-ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम ह्यांसारख्या गुंगीच्या द्रव्यांची भेसळ वारंवार उघडकीस आली आहे. २०१५ साली तेथे ह्या भेसळीविरुद्ध कारवाई झाली, तेव्हा नित्य पिणाऱ्या अनेकांना ती न मिळाल्याने विचित्र वागणे, झटके अशी लक्षणे होऊन रुग्णालये गाठावी लागली. अशा माणसाला दारूबरोबर गुंगीच्या औषधांचाही विळखा असतो आणि त्याची सुटका अधिक सावधपणे करावी लागते. ‘शिंदी’ हा शब्दच ज्या प्रश्नावलीत नाही, तिला हा धोका दिसणे शक्य नाही. पुरवठा बंद होणे म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे, ह्याचा आणखी एक दारुण पुरावा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने दिला : एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू न मिळाल्याने वणी येथे सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला.

दुसरी मर्यादा गुप्ततेची. नाव न सांगणे हा ह्या मार्गाचा पाया. पण खेड्यात एक मोबाईल घरातील चौघे वापरतात, आणि एका खोलीच्या घरात पडद्यावरील सभा सर्वांना ऐकू जाते. म्हणून आवाज न करता वाचता येणारा मजकूर, आणि वाचता न येणाऱ्यासाठी रानात बसून ऐकता येईल असा ध्वनिमुद्रित निरोप, अशा दोन्ही सोयी हव्यात.

तिसरी मर्यादा यांत्रिक संवादाची. १९६६ साली वायझेनबॉम ह्यांनी ‘एलायझा’ हा संभाषण करणारा कार्यक्रम रचला, तेव्हा रुग्णाचेच वाक्य प्रश्न करून परत देणाऱ्या त्या यंत्रापाशीही लोक मन मोकळे करू लागले. आजची यंत्रे कितीतरी सफाईने बोलतात. पण सफाईदार वाक्य म्हणजे आकलन नव्हे. रात्री दोन वाजता ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे मराठवाडी बोलीत लिहिणाऱ्याचा निरोप यंत्राकडून जिवंत माणसाकडे तत्काळ गेलाच पाहिजे. ही सोय नसलेला कार्यक्रम चालवू नये.

७. उपसंहार

सारांश असा की, ऑनलाइन कार्यक्रम हा दारू सोडविणारा उपचार नसून, सोडण्याआधी योग्य दार दाखविणारा आणि सोडल्यानंतर एकटे पडू न देणारा संवाद आहे. त्या संवादाचे यश मापांचे शब्द, रोगाची नावे, सर्वनामे आणि क्रियापदांचे प्रत्यय अशा लहान गोष्टींवर अवलंबून असते, आणि ह्या गोष्टी भाषाविभागांच्या अभ्यासाच्या कक्षेतील आहेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या क्षेत्रात तीन कामे तातडीने हाती घेता येतील. पहिले, नांदेड व लातूर जिल्ह्यांतील मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलींत पिणे, मापे व सोडण्याची लक्षणे ह्यांसंबंधी रूढ असलेल्या शब्दांचा कोश. दुसरे, ‘ऑडिट’सारख्या कसोट्यांचा मराठी मजकूर प्रत्यक्ष बोलणाऱ्यांपुढे ठेवून, कोणत्या प्रश्नाचा कोणता अर्थ घेतला जातो ह्याची वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने तपासणी. तिसरे, मदतवाहिनीवर काम करणाऱ्यांसाठी सीमाभागातील संभाषणाची एक छोटी पुस्तिका. ही कामे करताना रुग्णांची संमती आणि गुप्तता ह्यांना बाध येता कामा नये, हे सांगावयास नको.

अडतिसांमागील उरलेल्या सदतीस माणसांपैकी कोणी एक उद्या धर्माबादच्या बाजारातून फोन उचलील. पलीकडून येणारा पहिला प्रश्न त्याला कळला पाहिजे, आणि त्याने दिलेले उत्तर पलीकडच्याला कळले पाहिजे. एवढे साधले, म्हणजे पुढचे काम वैद्याच्या हाती सोपविता येईल.